आपले दुःख समजून घेणारा समुपदेशक कसा शोधावा? मेहकर परिसरातील आणि बाहेरगावी गेलेल्या बौद्ध कुटुंबांसाठी माहिती

ताप आला की दवाखान्यात जायचे हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण तीन-तीन महिने झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, जीव घाबरतो, चारचौघांत जावेसे वाटत नाही, मरणाचे विचार येतात, अशा वेळी कुठे जायचे हे मात्र शिकलेल्या घरातही ठाऊक नसते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागात तर हा प्रश्न दुहेरी आहे. एक तर मनाच्या आजाराचा डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी सहज सापडत नाही. आणि सापडला तरी आपले जगणे, आपली जात, आपला धम्म त्याला समजेल का, ही धाकधूक असते. या दोन्ही बाजूंची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख. तो वाचून ठेवावा, विहारात वाचून दाखवावा आणि गरजूंपर्यंत पोहोचवावा.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार देशातील १८ वर्षांवरील दर दहा माणसांत सुमारे एकाला उपचाराची गरज असलेला मानसिक आजार होता. पण आजारानुसार पाहिले तर ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणजे उपचार न मिळणारे आपण एकटे नाही. तरीही गरीब, भूमिहीन, जातीचा मार खाल्लेल्या माणसासाठी हे अंतर जास्तच लांबते.

कोण काय करतो?

सगळ्यांना सरसकट ‘मेंटलचा डॉक्टर’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळी माणसे असतात.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार विषयात एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देतो. त्याची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही. चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

मनोविकार क्षेत्रातला सामाजिक कार्यकर्ता रुग्ण, घर आणि सरकारी योजना यांच्यात दुवा होतो. सरकारी रुग्णालयात हा माणूस फार उपयोगी पडतो.

समुपदेशक या नावाखाली मात्र बरीच सरमिसळ आहे. मानसशास्त्रात एमए करून देखरेखीखाली काम शिकलेले चांगले समुपदेशक आहेत, तसेच आठ दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून ‘तुमचे शिक्षण काय, किती वर्षे हे काम करता, अडल्यावर कुणाचा सल्ला घेता’ हे सरळ विचारावे. चांगला समुपदेशक या प्रश्नाने रागावत नाही.

मेहकरहून सुरुवात कुठून करायची?

पहिली पायरी गावातच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात बुलडाणा जिल्हाही होता आणि आशाताईंना घरोघरी जाऊन खचलेली माणसे ओळखण्याचे काम दिले गेले. त्यामुळे आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगणे ही वाया जाणारी गोष्ट नाही. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांकही आहे.

दुसरी पायरी सरकारी रुग्णालयाची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग चालतो. बुलडाण्याला जाण्याआधी मेहकरच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. मानसिक आरोग्याचे पथक तालुक्याला कोणत्या दिवशी येते, हे तिथेच कळेल. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

तिसरी पायरी मोठ्या रुग्णालयाची. दाखल करण्याची वेळ आली किंवा आजार गुंतागुंतीचा असला तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय ही जवळची ठिकाणे. प्रादेशिक मनोरुग्णालय विदर्भात नागपूरला आहे. पण लक्षात ठेवा, बहुतेक माणसांना दाखल व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात येऊन-जाऊन, औषध आणि बोलणे यांवर ती बरी होतात.

चौथा मार्ग फोनचा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली आयकॉल ही फोनवरून समुपदेशन देणारी सेवा आहे. आपल्या कुटुंबांसाठी फोनचा एक मोठा फायदा आहे. बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर ओळखीचे कुणी भेटेल ही भीती राहत नाही. अडचण एवढीच की दोन खोल्यांच्या घरात मोकळे बोलायला जागा नसते. मग शेतात, नदीकाठी, विहाराच्या आवारात जाऊन बोलावे. बाईमाणसाला फोनसाठी अर्धा तास एकटे सोडणे ही घरच्यांची जबाबदारी आहे.

‘आपल्याला समजून घेणारा’ म्हणजे नेमका कसा?

समुपदेशकाने जयभीम घालावा अशी अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच की आपल्या दुःखाचे कारण त्याने खोटे ठरवू नये.

समजा, पुण्यात शिकणारा मुलगा सांगतो की खोली बघायला गेलो, आडनाव विचारले आणि ‘खोली कालच गेली’ म्हणाले. असे चार वेळा झाले, आता कुणाला फोन करायची हिंमत होत नाही. यावर एक समुपदेशक म्हणतो, ‘आता जात कुठे राहिली? तू फार मनाला लावून घेतोस.’ दुसरा विचारतो, ‘चारही वेळा काय घडले ते सांग. त्या रात्री झोप लागली का? हे कुणाला सांगितलेस?’ पहिल्याने मुलाच्या अनुभवावरच शंका घेतली. दुसऱ्याने अनुभव खरा मानला आणि त्यातून मनावर काय झाले तिथून काम सुरू केले. फरक इथे आहे.

असेच आणखी काही मुद्दे समुपदेशकाला कळायला हवेत.

घरातला पहिला शिकलेला मुलगा किंवा मुलगी असणे म्हणजे काय. आईवडिलांनी रोजंदारी करून, व्याजाने पैसे काढून शिकवलेले असते. नापास होण्याची भीती त्याच्या एकट्याची नसते. ‘स्वतःचा विचार कर, घरच्यांचा सोड’ हा सल्ला इथे लागू पडत नाही.

आरक्षणावरून होणारे टोमणे. ते ऐकून ऐकून माणूस स्वतःच्या गुणांवर संशय घेऊ लागतो. त्याला न्यूनगंड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तो गंड कुठून आला हे पाहिल्याशिवाय उपचार होत नाही.

आंतरजातीय प्रेम आणि लग्न. यात भीती मनाची नसते, जिवाची असते. अशा वेळी शांत बसून श्वास घ्यायला शिकवण्याआधी सुरक्षिततेचा आणि कायद्याचा विचार करावा लागतो.

बोलण्याची रीत. आपल्याकडची बाई ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाही. ती म्हणते डोके जड झाले, हातपाय गळाले, छातीत धडधडते, करमत नाही. हे ऐकून फक्त शक्तीची बाटली लिहून देणारा डॉक्टर अर्धेच ऐकतो.

आणि धम्म. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण ज्या गोष्टी सोडल्या, त्याच उपाय म्हणून कुणी सांगितल्या, की अमुक देवाला जा, अमुक उपवास धर, तर माणूस तिथून उठून येतो आणि परत जात नाही. तसे सांगणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही, पण परिणाम तोच होतो.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. सगळे विचारले पाहिजेत असे नाही.

१. मी सांगेन ते कुणाकुणाला कळेल? घरच्यांना सांगाल का?
२. जातीमुळे त्रास झालेल्या माणसांबरोबर तुम्ही काम केले आहे का?
३. आम्ही बौद्ध आहोत, कर्मकांड मानत नाही. उपचारात त्याची अडचण आहे का?
४. मला माझ्या बोलीत बोलता येईल ना?
५. फी किती, कमी करता येईल का, किती भेटी लागतील?
६. मध्येच त्रास वाढला तर कुणाशी बोलायचे?

उत्तरांपेक्षा ती देण्याची पद्धत बघा. ‘मला याचा फार अनुभव नाही, पण मी समजून घेईन’ असे प्रामाणिकपणे सांगणारा, ‘मी जातपात मानतच नाही’ म्हणून विषय बंद करणाऱ्यापेक्षा बरा. दोन-तीन भेटी द्या. तरीही मोकळे वाटत नसेल तर माणूस बदला. त्यात अपमान कुणाचाच नाही. मात्र मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या डॉक्टर बदलताना स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. नव्या डॉक्टरला जुनी चिठ्ठी दाखवा.

समुपदेशक आपल्याच समाजाचा असावा का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आपल्यातला असेल तर जातीची गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही, ही मोठी सोय. आंबेडकरी विचारांच्या तरुण मानसशास्त्रज्ञांची पिढी आता तयार होत आहे. ‘द ब्लू डॉन’सारखा गट बहुजन समाजातील लोकांना परवडणारा आणि जात समजणारा उपचार मिळावा म्हणूनच सुरू झाला होता.

पण तालुक्याच्या गावात दुसरी बाजूही आहे. आपला समुपदेशक आपल्याच सोयऱ्यांच्या सोयऱ्यांत निघतो. नवऱ्याच्या दारूबद्दल, सासरच्या छळाबद्दल, स्वतःच्या लैंगिक ओळखीबद्दल बोलायचे असेल तर काही जणांना बाहेरचा माणूसच बरा वाटतो. शिवाय जात एक असली तरी बाईचे दुःख प्रत्येक पुरुषाला कळतेच असे नाही. म्हणून आडनाव ही कसोटी नव्हे. ऐकण्याची तयारी, शिक्षण आणि गुप्तता पाळण्याची शिस्त या तीन कसोट्या धराव्यात. बाहेरगावचा समुपदेशक व्हिडिओ कॉलवर भेटत असेल तर गुप्ततेचा आणि प्रवासाचा, दोन्ही प्रश्न सुटतात.

ध्यान करावे की औषध घ्यावे?

आपल्या समाजात एक सल्ला पटकन दिला जातो, ‘विपश्यनेला जाऊन ये, सगळे ठीक होईल.’ विपश्यनेचा अनेकांना लाभ झाला आहे, यात वाद नाही. पण गोएंका गुरुजींच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिराच्या नियमावलीतच गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराची शिफारस केलेली नाही. ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळत आहेत, त्याला दहा दिवस मौनात बसवणे धोक्याचे ठरू शकते. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने ध्यान, हा क्रम ठेवावा. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषध लपवू नये.

औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे धम्म कुठेही सांगत नाही. तथागतांनी स्वतः जीवक वैद्याकडून औषध घेतले. अतिसाराने आजारी पडून एकटा पडलेल्या भिक्खूला त्यांनी आणि आनंदाने स्वतःच्या हाताने धुतले. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. मन भ्रमिष्ट असताना त्याच्या हातून बऱ्याच गोष्टी नियमाविरुद्ध घडल्या. तो बरा झाल्यावरही काही भिक्खू त्याला त्याच गोष्टींसाठी दोष देत राहिले. तेव्हा बुद्धांनी ‘अमूढ विनय’ सांगितला. मन ठिकाणावर नसताना घडलेल्या गोष्टीचा दोष त्या माणसावर ठेवायचा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजही आपल्या घराघरांत लागू करण्यासारखा आहे.

चिखली-बुलडाण्याकडची वाट

आपल्या जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनाने आजारी माणसांना घेऊन जाण्याची प्रथा जुनी आहे. तिथे सर्व जातिधर्मांचे लोक जातात, आपलेही जातात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. रात्री-अपरात्री ओरडणाऱ्या मुलाला घेऊन आईने जायचे कुठे, याचे उत्तर गावाजवळ नसते, तेव्हा ती तिथे जाते. पण काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आजार मेंदूचा आणि मनाचा असतो, त्यावर औषध आहे आणि जितका उशीर तितका आजार मुरतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, उपाशी ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

शिकायला आणि कामाला गेलेल्यांसाठी

मेहकरची मुले आज पुण्या-मुंबईत शिकतात, चाकण-वाळूजला कंपन्यांत काम करतात. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला. आपल्या शेजारच्या जळगावची डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. दर्शन सोळंकी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत गेला. या नावांनंतर कोणत्याही पालकाला मुलाचा फोन दोन दिवस न आल्यास धस्स होते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातील शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता, समजून वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारा, तुमचा समुपदेशक कोण, कधी भेटतो? वसतिगृहातील आपल्या मुलांनीही एकमेकांची विचारपूस ठेवावी.

परदेशातील कुटुंबे

अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात गेलेल्या आपल्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. तिथे ‘दक्षिण आशियाई’ थेरपिस्टच्या याद्या मिळतात. पण दक्षिण आशियाई असणे म्हणजे जात समजणे नव्हे. उलट भारतीय थेरपिस्टनेच आडनाव विचारावे, ही भीती असते. इक्वॅलिटी लॅब्सच्या २०१८ च्या अहवालात अमेरिकेतील दर तीन दलितांपैकी दोघांनी कामाच्या ठिकाणी जातीमुळे अन्याय्य वागणूक मिळाल्याचे सांगितले होते. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा तिथे हा विषय उघडपणे चर्चेत आला.

अशा वेळी वर्णभेदाच्या जखमांवर काम केलेला, भारतीय नसलेला थेरपिस्टही चालू शकतो. त्याला जातीची गोष्ट एकदा समजावून सांगावी लागते, पण त्याला आपल्या आडनावावरून काही कळत नसते. तिथल्या आंबेडकरी संघटनांच्या ओळखीतून नाव मिळाले तर उत्तमच. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यापुरता असतो. त्यामुळे तो आपल्या राज्यात काम करू शकतो का, हे आधी पाहावे. तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ हा क्रमांक आहे. आणि इथे मेहकरला राहिलेल्या आईवडिलांनी ‘तुला काय कमी आहे तिकडे’ हे वाक्य फोनवर टाळावे. पैसा आहे म्हणून एकटेपणा नाही, असे होत नाही.

कायद्याने मिळालेले हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात धर्म, संस्कृती, जात, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. कायद्यात ‘जात’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कलम २३ गुप्ततेचा हक्क देते. कलम २५ नुसार आपल्या उपचाराची कागदपत्रे मागता येतात. सेवेत खोट असेल तर कलम २८ नुसार आधी त्या संस्थेच्या प्रमुखाकडे आणि पुढे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. जातीवरून अपमान किंवा अत्याचार झाला तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

कलम ११५ सर्वांना माहीत असावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असे कायदा गृहीत धरतो. त्याला शिक्षा करायची नसून त्याची काळजी घेणे, उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला दवाखान्यात नेण्यास उशीर करू नका. गग्ग भिक्खूच्या निवाड्याचाच हा धागा आहे.

तातडीच्या वेळी

कुणी ‘माझ्यानंतर पोरांकडे बघा’ असे बोलू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला, अचानक सगळ्यांचा निरोप घेऊ लागला, तर त्याला एकटे सोडू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट माणूस मोकळा होतो. फवारणीचे औषध, तणनाशक घरात हाताशी ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. खेड्यात एवढ्या एका गोष्टीने जीव वाचतात. विष घेतल्याची शंका असेल तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. बोलण्यासाठी १४४१६, लहान मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि कोणत्याही संकटात ११२.

विहाराने काय करावे?

वर्षावासात तीन महिने आपण ग्रंथवाचनाला जमतो. त्यातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाला बोलवावे. विहाराच्या फलकावर हे क्रमांक ठळक लिहावेत. महिला मंडळातील दोघींनी आणि तरुणांतील दोघांनी दवाखान्यात सोबत जाण्याची जबाबदारी घ्यावी, कारण पहिल्या भेटीला एकटे जाणे सर्वांत अवघड असते. सोबत जाणाऱ्यांनी एक नियम काटेकोर पाळावा. तिथे काय झाले ते बाहेर बोलायचे नाही. ज्याची गोष्ट गावभर झाली, तो परत मदत मागत नाही, आणि ते पाहून दुसराही मागत नाही.